डिक्री आणि डिग्री

निमगाव केतकी, ता. इंदापूर
सोमवार, १० फेब्रुवारी १९९७

चि. रोहिणीस तात्याबाचा आशीर्वाद.

आजवर तुला पत्र धाडलं की वर चि. सौ. लिवायचो. आज सौ. लिवायला घेतलं आणि हात थांबला. कोर्टानं जे काढून घेतलं ते आपण कसं लिवावं, म्हणून नुसतं नाव लिवलंय. राग मानू नगंस. सासरा म्हणून न्हाय, तर वयानं मोठा म्हणून लिवतोय असं समज.

बुधवारी गेणू बारामतीला डेअरीत दूध टाकून आला. टेम्पोतनं उतरायच्या आधीच वरडला, "तात्या, रोहिणीवैनीला डिक्री मिळाली!" म्या गोठ्यात व्हतो. म्हणलं, कोर्टाची डिक्री, काडीमोडाची? काय बरळतोयस? तर म्हणाला, "बरळत न्हाय. एमआयडीसीत डेअरीच्या फाटकावर त्येंचा भाऊ भेटला, बिरूदादा. हातात पेढ्याचा पुडा. म्हणाला, रोहिणीनं तीन साल कुणाला कळू न देता समदं निभावलं, आता मोकळी झाली बघ. मलाबी दोन पेढं दिलं." त्यातला एक त्येनं माझ्यासाठी कागदात बांधून आणला व्हता. म्या तो खाल्ला न्हाय. टाकवलाबी न्हाय. म्हशीच्या दावणीपाशी तसाच पडला, मुंग्यांनी नेला.

तुला ठावं हाय, विहिरीच्या पाण्यापायी म्या भावकीशी किती साल दावा खेळलो. इंदापूरच्या कोर्टात माझ्यावर डिक्री झाली त्या दिवशी माझ्या चुलतभावानं पारावर उभं ऱ्हाऊन पेढं वाटलं. म्या समोरनं घरी आलो, तर मलाबी हात पुढं केला. डिक्री झाली की माणसं पेढं वाटत्यात ह्ये तवाच बघितलंय. पर तू तशी न्हवतीस, म्हणून जास्त लागलं.

इंदापुरात वकिलाला इचारलं. म्हणाला, नोटीस घ्यायला घरी कुणी घावलं न्हाय तर एकतर्फी डिक्री हुती. खरंच हाय. उसाचं गळीत चालू झालं की आपला हिंदुराव ट्रॅक्टर घिऊन माळेगावच्या कारखान्याला जातो. हितं म्या आणि म्हशी, दिसभर रानात. नोटीस आली असंल आणि तशीच माघारी गेली असंल.

हिंदूला म्या सांगितलं तवा तो ट्रॉलीचं चाक बदलत व्हता. ऐकून घेतलं. बदललेलं चाक परत काढलं आणि परत बसवलं.

तुला दोष देत न्हाय पोरी. तुझी सासू दगडाबाई अंथरुणाला खिळली तवा तू तिचं जे केलंस ते पोटच्या लेकीनं केलं नसतं. आणि तिच्या तेराव्याला चार माणसांत हिंदू तुला जे बोलला ते बोलायला नगं व्हतं. तू भावासंगं माहेरी जळोचीला गेलीस. तू म्हणायचीस न्यायला येतील, तो म्हणायचा गेली तशी येईल. ह्यात तीन सालं गेली.

आता खरी गोष्ट लिवतो, जी लिवावी का न्हाय कळंना. तुज्या सासूचा भाऊ बापूसाहेब, त्येला डिक्रीची बातमी कळली आणि त्येनं लगोलग हिंदूसाठी कळस गावचं स्थळ काढलं. "पोरगं मोकळं झालं, आता कशाची वाट बघता," म्हणतो. येत्या रविवारी इंदापुरात त्येच्या घरी पोरगी दाखवायची आणि तितंच सुपारी फोडायची ठरलंय. हिंदू व्हय म्हणंना, न्हायबी म्हणंना. म्या तरी कुठल्या तोंडानं नगं म्हणू?

गेणूला ताकीद दिलीय, जळोचीच्या माणसांपाशी ह्यातलं काय काढू नगंस. उगा तुला तरास.

तुझं शिलाई मशीन हितं हाय. सांग, टेम्पोत घालून पाठवतो. आणि एकच इचारतो, तू सुखात हायस का? उत्तर न्हाय दिलंस तरी चालंल. पर दे.

तात्याबा खारतोडे


जळोची, बारामती
शनिवार, १५ फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप मामांना रोहिणीचा नमस्कार.

मामा, डिक्री नाही. डिग्री. गवतातला ग. डिग्री!

डिग्री म्हणजे पदवी. मी बी.ए. झाले. कोर्टाची पायरी मी चढलेली नाही, कुणी वकील बघितलेला नाही, कसली नोटीस कुणाला पाठवलेली नाही. बिरूदादानं पेढे वाटले ते मी पास झाले म्हणून. आमच्या खानदानात बी.ए. झालेलं कुणी नाही, दादाला राहवलं नाही, तो दिसेल त्याला पेढा देत सुटला.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. बालवाडीतून नुकतीच घरी आले होते. पहिल्याच ओळी वाचल्या, "कोर्टानं काढून घेतलं", आणि मी उंबऱ्यातच बसले. मला वाटलं, यांनीच केलं. यांनीच कुठून तरी डिक्री मिळवली आणि मला कळवायचं काम तुमच्यावर टाकलं. म्हाळसावहिनी स्वयंपाकघरातून विचारत होती, "कुणाचं पत्र?" पुढचं वाचायचा धीरच होईना. मग पेढे आले, बिरूदादा आला, तीन साल निभावलं आलं. तेव्हा उजेड पडला. इतकी हसले मामा, की वहिनी लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं मला काही झालं. तिला वाचून दाखवलं तर ती पण माझ्याशेजारी बसून हसायला लागली. हसता हसता मी कधी रडायला लागले ते मला कळलं नाही.

आज सकाळी डेअरीच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. गेणूभाऊ टेम्पो घेऊन आले. मला बघून मान खाली घातली. मी म्हटलं, "गेणूभाऊ, दादानं तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"डिक्री मिळाली म्हणाला."

"डिग्री म्हणाला असेल."

"म्हणाला असंल. मला आदी तसंच ऐकू आलं व्हतं. पर वैनी, डिग्री दुधाला असती. हितं रोज काचेची नळी बुडवून बघत्यात, डिग्री कमी लागली की दूध माघारी. बाईमाणसाला डिग्री कशी मिळंल? म्हणलं, बिरूदादाची जीभ वळत नसंल, डिक्रीच असणार."

आता यात त्यांना काय बोलायचं? मी त्यांना पदवी म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला आणि म्हणाले, "तात्या मला वस्तीवर उभा करणार न्हायत."

तुम्ही म्हणाल, तीन वर्षं लपवलंस कशाला. मामा, आत्याबाईंच्या तेराव्याला मी यांना एवढंच म्हणाले होते की आता मी राहिलेलं शिक्षण पूर्ण करते. लग्नाआधी बोलणं झालंच होतं तसं. तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "शिकून कुणाला दाखवायचंय? नापास झालीस की येशील परत गोठ्यात." माणसं हसली. तुम्ही हसला नव्हता, ते मी बघितलं होतं. म्हणून ठरवलं, पास होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. सकाळी बालवाडी, रविवारी मुक्त विद्यापीठाच्या केंद्रात तास. अर्थशास्त्रात एकदा नापासही झाले. तेव्हा तर तोंड दाबून बसले होते. तुम्हाला पत्रात कितीदा लिहायला घेतलं आणि खोडलं.

आता रविवारचं. पोस्टानं हे पत्र वेळेवर पोचणार नाही म्हणून गेणूभाऊंना थांबवून त्यांच्या हातात देतेय. आधी त्यांना दोनदा वाचून दाखवणार आहे, पुन्हा तिसरंच काही नको.

यांना माझा निरोप एवढाच सांगा. दुसरं लग्न करायचंच असेल तर मला तोंडावर सांगा, मी काय ते बघेन. पण माझ्या पेढ्यांवर कुणी सुपारी फोडू नका. आणि त्या कळसच्या मुलीला फसवू नका, तिचा यात काय संबंध?

शिलाई मशीन पाठवू नका. राहू द्या तिथंच.

तुम्ही विचारलंत, सुखात आहेस का. काल पत्र वाचण्याआधी विचारलं असतंत तर मी पटकन हो म्हणाले असते. उंबऱ्यात बसले त्यानंतर मला नीट सांगता येत नाही.

तुमची
रोहिणी


निमगाव केतकी
मंगळवार, १८ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. रोहिणीस तात्याबाचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र शनवारी यायचं ते रविवारी आलं. गेणूच्या टेम्पोचा पाटा तुटला आणि तो रातभर सणसरला अडकला. रविवारी हितं आला तर आमी आदीच इंदापूरला गेलेलो. तसाच टेम्पो घिऊन इंदापूरला आला.

तितं काय चाललं व्हतं ते ऐक. बापूसाहेबाच्या पडवीत सतरंजी टाकलेली. कळसची मंडळी बसलेली. पोरीचं नाव सुकन्या, पोरगी चांगली, मान खाली घालून बसलेली. हिंदू भितीला टेकून, दाढीबी न करता. ताटात सुपारी ठिवलेली. बापूसाहेब म्हणत व्हता, "कोर्टाचं समदं साफ हाय, काय काळजी नगं." आणि गेणू दारात. अंगाला दुधाचा वास, कपडं ग्रीसनं काळं. म्हणाला, "थांबा! तात्या, ह्ये आदी वाचा."

माझा चष्मा घरी. म्या पत्र हातात घिऊन हिकडं तिकडं बघतोय, तेवढ्यात हिंदूनं उठून माझ्या हातातनं घेतलं. अक्षर वळखलं असणार. उभ्या उभ्या वाचलं. एकदा वाचलं, मग पयल्यापासनं परत वाचलं. समदी त्येच्या तोंडाकडं बघत्यात.

बापूसाहेब म्हणाला, "आरं, काय लिवलंय ते सांगशील का न्हाय?"

हिंदू म्हणाला, "बी.ए. झाली."

"कोण?"

"माझी बायको."

मग गेणूनंच डिक्री आणि डिग्रीचं उलगडून सांगितलं. बिचाऱ्यानं समदा दोष सोताकडं घेतला. दुधाच्या नळीपासनं सांगितलं. एकदोघं हसली. बापूसाहेब काय हसला न्हाय. म्हणाला, "डिग्री काय आणि डिक्री काय, बाई नांदत न्हाय ह्ये तर खरं हाय ना? तीन साल झाली. आता ठरलेलं कशाला मोडायचं?"

तवा पोरीचा बाप उठला. साधा माणूस, पर बोलला. म्हणाला, "बापूसाहेब, तुमाला एका अक्षराचा फरक दिसतोय. माझी पोरगी सवतीवर गेली असती. कोर्टात उद्या ती खोटी बायको ठरली असती. द्येवानं ह्या टेम्पोवाल्याला येळंवर धाडला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तात्याबा, तुमची सून बी.ए. झाली, पेढं कुठायत?" म्या काय सांगू त्येला, माझा पेढा मुंग्यांनी खाल्ला म्हणून!

पोरीच्याबी जीवात जीव आलेला दिसला. जाताना तिनं माझ्या पाया पडून इचारलं, "आजोबा, तुमच्या सूनबाई कुठल्या विषयात बी.ए. झाल्या?" मला सांगता आलं न्हाय. हिंदूलाबी न्हाय. पुढच्या पत्रात लिव, कुणी इचारलं तर आमी बापलेक एकमेकाच्या तोंडाकडं बघतो.

बापूसाहेब रुसलाय. रुसू दे. म्या सुपारी उचलून खिशात घातली आणि घरी येऊन फोडून खाल्ली.

परतताना हिंदू टेम्पोत माझ्या शेजारी व्हता. वस्तीच्या वळणावर म्हणाला, "तात्या, बी.ए.ला किती विषय असत्यात?" म्या म्हणलं, "मला काय ठावं, म्या चौथी." मग म्हणाला, "अर्थशास्त्र लई अवघड असतं म्हणं." कुणी सांगितलं त्येला? तुज्या पत्रातनंच वाचलं असणार.

पत्र त्येच्याकडंच हाय. मला माघारी दिलं न्हाय. म्या मागितलंबी न्हाय.

काल म्या वस्तीवर गूळ वाटला. दर घरी जाऊन सांगितलं, माझी सून बी.ए. झाली. कुणी इचारलं, आता नांदायला येणार का? म्या म्हणलं, ते मला इचारू नगा. आणि तुलाबी म्या ये म्हणून लिवणार न्हाय. ज्येनं चार माणसांत बोलून घालवली त्येनंच जाऊन बोलावं, असं माझं मत हाय. त्येला तसं म्या तोंडावर सांगितलंय.

पर एवढं लिवतो. ह्या पंधरवड्यात आज पयल्यांदा भाकरीला चव लागली.

तात्याबा


जळोची
गुरुवार, ६ मार्च १९९७

तीर्थरूप मामांना रोहिणीचा नमस्कार.

विषय मराठी. सुकन्याला कळवा. अर्थशास्त्र नुसतं सोबतीला होतं, त्यानंच छळलं.

हे आले होते. तुम्ही पाठवलं की आपणहून आले ते मी विचारलं नाही. गेल्या सोमवारी बालवाडीतून परत येत होते, तर आमच्या दारात रिकाम्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उभा. निम्मा रस्ता अडवलेला, मागं दोन मोटरसायकलवाले ओरडतायत, आणि हे खाली उभे. वहिनी दारातून बघतेय पण आत या म्हणत नाही. तिचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मीच म्हटलं, "आधी ट्रॅक्टर बाजूला घ्या, मग आत या."

आत येऊन बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "ते दाखव."

"काय?"

"डिग्री."

मी प्रमाणपत्र आणून दिलं. धरण्याआधी हात विजारीला पुसले. वाचत बसले. त्यावर माझं नाव छापलंय, खारतोडे रोहिणी हिंदुराव. तिथं येऊन थांबले. बोट ठेवलं नाही, नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "माझं नाव लावलंस?" मी म्हटलं, "रेशनकार्डावर तेच आहे, दुसरं कुठलं लावणार?" खरं तेच होतं मामा, फॉर्म भरताना मी काही फार विचार केला नव्हता. पण त्यांना ते पटलं नसावं. आणि मीही पुढं ताणलं नाही.

मग त्यांनी एक सांगितलं, जे तुम्हालाही ठाऊक नाही. तुम्ही डिक्रीचं सांगितलंत, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे बारामतीला वकिलाकडं गेले होते. मला वाटलं, कागद आणायला. म्हटलं, "नक्कल घ्यायला गेला होता?"

"मोडता येती का ते इचारायला."

"काय मोडता येते?"

"डिक्री. मला मान्य न्हाय म्हणून. वकील म्हणाला, आदी नक्कल आणा. कोर्टात हेलपाटे घातले. कारकून म्हणायचा, असलं काय सापडत न्हाय, परत या. म्हणलं, मुद्दाम देत नसतील." एवढं बोलून स्वतःच हसले. "कुठनं सापडणार?"

"मग मामांना का नाही सांगितलंत? सुपारीला का जाऊन बसलात?"

"नक्कल हातात न्हाय तर काय सांगायचं?" म्हणाले. मग म्हणाले, "मी तितं सुपारी घिणार न्हवतो. पर कसं म्हणायचं, ते कळत न्हवतं. तुझं पत्र आलं आणि सुटलो."

वहिनीनं तेव्हा चहा आणून ठेवला.

तेराव्याला जे बोलले त्याबद्दल त्यांनी चार माणसांत काही तरी म्हणायला हवं, असं मी सांगितलं. म्हणाले, "म्हणतो. कधी म्हणू?" मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बी.एड.चा अर्ज करणार आहे, शाळेत लागायचंय, हेही सांगितलं. म्हणाले, "कर. इंदापुरात झालं तर बरं, न्हाय झालं तर मी बारामतीला सोडीन." "ट्रॅक्टरवरून?" "मग काय झालं?"

"चल" म्हणाले. मी नाही गेले. बालवाडीची मुलं एप्रिलपर्यंत माझ्या भरवशावर आहेत. सुट्टी लागली की येते, एसटीनं येईन, न्यायला कुणी नको. आल्यावर माझं आणि यांचं कसं जमतं ते बघू. हे लिहिताना मला भीती वाटत नाही, तेवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय.

उठताना म्हणाले, "मी गळितात रोज ह्याच रस्त्यानं जातो."

"माहीत आहे."

"मग हाक का मारली न्हाईस कधी?"

"तुमच्या ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज केवढा असतो. कुणाची हाक ऐकू येणार?"

ट्रॅक्टर चालू केला आणि गेले.

मंगळवारी सकाळी मी अंगणात पाणी भरत होते. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर आला. टेप बंद होता. आमच्या दारापाशी आल्यावर अगदी सावकाश झाला. हे सरळ पुढं बघत होते, मान इकडं तिकडं नाही.

मी हाक मारली.

तुमची
रोहिणी